डाव्या पानावरची सात वाक्ये

२०२३ च्या जून महिन्यात मी साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने बडनेऱ्याला उतरले आणि पुढे अमरावती, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा एसटीचा प्रवास करून धारणीला पोहोचले, तेव्हा माझ्या पिशवीत एक दोनशे पानी कोरी वही होती. जीवतंत्रज्ञानाची पदवी नुकतीच हाती आली होती आणि पुढच्या शिक्षणाआधी एक वर्ष मेळघाटात बालआरोग्याच्या कामाला द्यायचे मी ठरवले होते. ज्या लहानशा संस्थेने मला घेतले होते तिने पाठवलेल्या यादीत गमबूट, विजेरी आणि मच्छरदाणीच्या खाली ही वहीही लिहिलेली होती. ती कशासाठी हे तेथे गेल्यावर कळले.

पहिल्याच संध्याकाळी, त्या भागात वीस वर्षे काम केलेल्या आमच्या ताईंनी आम्हा चार स्वयंसेवकांना समोर बसवले आणि सांगितले, की येथील माणसांविषयी, कामाविषयी आणि स्वतःविषयी तुम्हाला जे ठामपणे वाटते ते पहिल्या पानावर पूर्ण वाक्यांत लिहा, खाली तारीख घाला आणि सही करा. त्यानंतर वर्षभर दर रविवारी त्यांतले एक वाक्य डाव्या पानावर उतरवून घ्यायचे आणि त्या आठवड्यात त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध जे घडले ते उजव्या पानावर लिहायचे. काय वाटले ते लिहायचे नाही. काय पाहिले, काय केले, काय मोजले एवढेच लिहायचे. प्रत्येक वाक्याखाली आणखी एक ओळ हवी होती: हे वाक्य चुकीचे आहे असे मला कशाने पटेल? महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपली पाने मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ऐकणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर काहीही बोलायचे नाही. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला, कारण वाचून झाल्यावर जी शांतता पसरत असे तिच्यात आपलेच वाक्य आपल्यालाच पुन्हा ऐकू येई.

मी सात वाक्ये लिहिली. पहिले होते, ‘कुपोषणाचे मूळ कारण अज्ञान आहे.’ दुसरे, ‘अंधश्रद्धा नीट समजावून सांगितली की सुटते.’ तिसरे, ‘सेवेत पैशाची भाषा येऊ नये.’ चौथे, ‘आकड्यांत माणूस हरवतो.’ पाचवे, ‘देव नाही.’ उरलेली दोन प्रामाणिकपणा आणि कष्ट यांविषयी होती. ती वर्षभरात कोणत्याही प्रसंगाला भिडली नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी येथे लिहीत नाही.

ही वाक्ये कोठून आली, असे त्या दिवशी मला कोणी विचारले असते तर मी ‘विचार करून’ असे उत्तर दिले असते. प्रत्यक्षात मी बारा वर्षांची असताना, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. दाभोलकर साताऱ्याचे, आणि माझे वडील त्यांच्यासोबत अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या अनेक शिक्षकांपैकी एक. त्या दिवशी बाबा घरात एक शब्दही बोलले नाहीत. काही दिवसांतच जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि आमच्या घरी त्या कायद्याची कलमे जेवताना बोलली जात. ज्या गोष्टीसाठी एका सज्जन माणसाला प्राण द्यावे लागले ती तपासून पाहायची असते, हे बारा वर्षांच्या मुलीला सुचण्यासारखे नव्हते. पुढची दहा वर्षेही ते सुचले नाही, कारण घरी, शाळेत आणि महाविद्यालयात माझ्या भोवती तेच मानणारी माणसे होती. श्रद्धा तपासण्याचा आग्रह मी वारशाने घेतला होता आणि तो आग्रह मात्र कधी तपासला नव्हता.

आमचे काम मध्य प्रदेशाच्या सीमेकडील पाच गावांत होते. वस्ती बहुतेक कोरकू आदिवासींची. कोरकू भाषा मुंडा गटातली असल्यामुळे मराठीशी किंवा हिंदीशी तिचे नाते नाही, आणि बाहेरच्या माणसाशी तेथील लोक मराठीपेक्षा हिंदीत अधिक मोकळे बोलतात. आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आणि अंगणवाडी सेविका यांच्यासोबत घरोघरी जायचे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाचा घेर पट्टीने मोजायचा, त्याहून लहान बाळांचे वजन घ्यायचे आणि ज्यांना गरज आहे त्यांना पुढे पाठवायचे, असा दिवस असे. पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंग येतो, तेथून साडेबारापर्यंत पिवळा आणि त्यापुढे हिरवा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चौदा महिन्यांच्या एका मुलीचा दंड ११.२ सेंटिमीटर भरला. मी तिच्या आईला लाल रंग दाखवून त्याचा अर्थ सांगू लागले, तेव्हा तिने मला मध्येच थांबवले आणि शांतपणे सांगितले, की मागच्या महिन्यातही लालच होते, लाल म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहावे लागते, तेथे दूध आणि औषध मिळते, आणि बुडालेल्या मजुरीचे पैसेही मिळतात. तिला सगळे माहीत होते. जे मला माहीत नव्हते ते तिने मग सांगितले. नवरा बांधकामावर गेला होता, सोयाबीनमध्ये तण गुडघ्याला लागले होते, निंदणीचे आठच दिवस हाताशी होते, बियाणे दुकानदाराकडून उधारीवर आणलेले होते, घरात आणखी दोन मुले होती आणि सासूला दिसत नव्हते. केंद्रातून मिळणाऱ्या पैशांनी मजुरी भरून निघाली असती. शेत भरून निघाले नसते. तिचा हिशेब मी त्या दिवशी केलेल्या कोणत्याही मोजमापापेक्षा अचूक होता.

मेळघाटातील बालमृत्यू १९९३ साली राज्यभर चर्चेत आले. तेव्हापासून तीस वर्षे तेथे तक्ते लागले आहेत, शिबिरे झाली आहेत, सरकारी आणि बिनसरकारी माणसे येऊन सांगून गेली आहेत. पहिल्या वाक्याखाली मी जूनमध्ये लिहिले होते, ‘माहिती असूनही न करणारी आई भेटली तर हे वाक्य चुकीचे ठरेल.’ ती भेटली होती. तरीही पुढचे तीन रविवार मी उजव्या पानावर त्या वाक्याला वाचवत राहिले. ही एकच बाई असेल, हिला माहिती आहे पण महत्त्व कळलेले नाही, माहिती वेगळी आणि समज वेगळी, असे मी लिहिले आणि महिन्याच्या वाचनात वाचूनही दाखवले. नेहमीप्रमाणे कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी एवढेच विचारले, की या तीन नोंदींमध्ये तू पाहिलेले काय आहे? पाहिलेले काहीच नव्हते. मी तेव्हा ते वाक्य खोडले. अज्ञान हे कारण मला इतके प्रिय का होते, हेही तेव्हा थोडे समजू लागले: अज्ञान हेच कारण असेल तर माझे शिक्षण हाच उपाय ठरतो, आणि शेत, उधारी, सासूचे डोळे यांच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते माझ्या सांगण्याने झाले नाही. आशाताईंनी शेजारच्या दोघींशी बोलून, आमच्याकडे ज्याला सावड म्हणतात तशी अदलाबदलीने निंदणी ठरवली आणि आठव्या दिवशी आई मुलीला घेऊन केंद्रात गेली. ऑक्टोबरात दंड ११.९ झाला होता.

दुसऱ्या वाक्याचा प्रसंग मला लिहायला आजही कठीण जातो. नवजात बाळाचे पोट फुगले आणि ते सतत रडू लागले, की त्याला फोपसा झाला असे मेळघाटात म्हणतात आणि तापवलेल्या विळ्याने त्याच्या पोटावर चटके देतात. याला डम्मा म्हणतात. तो देणारा बहुधा गावचा भूमका, म्हणजे पूजा आणि उपचार करणारा जाणता, असतो, कधी घरातलीच जाणती बाई. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका घरी बावीस दिवसांचे बाळ वजनासाठी उघडले, तेव्हा त्याच्या बेंबीभोवती ताज्या जखमा होत्या. त्याची आजी चुलीपाशी बसली होती. मी तिच्यावर ओरडले. हा गुन्हा आहे, पोलिसांना सांगेन, बाळाला मारायचे आहे का, असे मी तुटक्या हिंदीत पाच-सात मिनिटे बोलत होते. ती उठली नाही आणि काही बोललीही नाही. बाळाची आई आत गेली. परतीच्या वाटेवर आशाताई बराच वेळ गप्प होत्या आणि ओढ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, “ताई, तुम्ही वर्षाने जाल. मला त्या घरात पुढची वीस वर्षे जायचे आहे.”

ते घर आम्हाला बंद झाले. दोन आठवड्यांनी त्याच भावकीतल्या शेजारच्या घरात तीन महिन्यांच्या बाळाला धाप लागली. कोणी निरोप दिला नाही. तिसऱ्या दिवशी बाळ निळे पडू लागले तेव्हा बाप त्याला एका जीपमध्ये घालून तालुक्याला घेऊन गेला. न्यूमोनिया होता, नऊ दिवस रुग्णालयात राहून ते वाचले. लवकर का सांगितले नाही, असे आशाताईंनी नंतर विचारले तेव्हा बाप म्हणाला, “वो दीदी फिर चिल्लाती.” हे वाक्य मी उजव्या पानावर जसेच्या तसे उतरवले. ते बाळ वाचले यात माझा वाटा नाही. त्याचे तीन दिवस गेले यात मात्र आहे.

त्याच काळात एका रात्री शाळेच्या भिंतीवर चढून, कारण गावात तेवढ्याच जागी मोबाईलला रेंज मिळे, मी घरी फोन केला आणि आईला डम्म्याविषयी सांगितले. माझ्या आवाजात अजून संताप होता. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “तुझ्या बेंबीच्या वर तो डाग आहे ना, ती जन्मखूण नाही. तो बिब्ब्याचा आहे.” मी अठरा दिवसांची असताना तीन दिवस रडत होते, दूध ओढत नव्हते, आणि साताऱ्याच्या घरात आजीने बिब्बा तापवून माझ्या पोटाला तीन ठिकाणी लावला होता. बिब्बा उतला, फोड आले, दोन खुणा मिटल्या आणि एक राहिली. ज्या घरात पुढे कायद्याची कलमे जेवताना बोलली गेली त्याच घरात हे झाले होते, आणि मला बावीस वर्षे कोणी सांगितले नव्हते. मी त्या रविवारी, १७ सप्टेंबरला, वहीत लिहिले: ‘तीन चटके. एकाची खूण उरली आहे. माझ्या पोटावर.’ त्या दिवशी याहून अधिक लिहिता आले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. डम्मा वाईटच आहे. तो त्यांची पद्धत म्हणून सोडून द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. नवजात बाळाच्या उघड्या जखमेतून जंतू आत जातात, आणि चटके दिल्यावर उपचार झाला असे वाटून खऱ्या आजारासाठी दवाखान्यात जायला उशीर होतो. बदलले ते एवढेच, की डम्मा देणारी माणसे आणि मी यांच्यामध्ये मी जी भिंत धरली होती ती तेथे नव्हती. माझ्या आजीला मी कधी गुन्हेगार म्हटले नसते.

नोव्हेंबरात ताई मला भूमकाकडे घेऊन गेल्या. मला जायचे नव्हते. भूमका साठीच्या पुढचा, कृश, कमी बोलणारा माणूस होता, आणि त्याच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन एक जोडपे आधीच बसलेले होते. त्यांच्याकडे पाहताना माझ्या लक्षात आले, की रात्री दोन वाजताही दार उघडणारा, त्यांच्या भाषेत बोलणारा, पैशासाठी अडून न बसणारा आणि चालत जाता येईल इतका जवळ असलेला असा हा एकच माणूस त्या गावात आहे. ताईंनी त्याला डम्म्याविषयी काहीच सुनावले नाही. बाळाचे श्वास मोजायला शिकणार का, एवढेच विचारले. त्याला घड्याळ वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी आणली होती. दहा श्वास झाले की तुरीचा एक दाणा बाजूला ठेवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटात सहा दाणे भरले, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पाच आणि त्यापुढच्या मुलाचे चार, तर ते श्वास धोक्याचे आणि बाळ लगेच पाठवायचे. त्याने ते पहिल्या दुपारीच उचलले. साठ श्वासांपर्यंत मोजताना त्याची नजर बाळाच्या छातीवरून एकदाही हलली नाही. माझी हलत असे.

परतताना ताईंनी गडचिरोलीचा दाखला दिला. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तेथील गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने जगापुढे मांडले. हे मी महाविद्यालयात वाचलेले होते. परंतु ज्यांना शिकवायचे ती माणसे मी मनात आधीच निवडून ठेवली होती, आणि त्यांत भूमका नव्हता. माझ्या मुक्कामात त्याने तीन बाळांसाठी निरोप पाठवला. पूजा तो करतच राहिला. डम्मा त्याने सोडला असे म्हणण्याइतके मी पाहिलेले नाही. दुसरे वाक्य मी खोडले नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे असे मला अजून वाटते; मी ‘समजावून सांगितली की’ एवढे शब्द खोडले आणि तेथे काय लिहावे हे मला आजवर सुचलेले नाही.

चौथ्या वाक्याचे थोडक्यात सांगते. आकड्यांत माणूस हरवतो असे मी लिहिले होते आणि ते लिहिताना मला स्वतःचे मन फार कोमल वाटले होते. डिसेंबरात एक बाळ १९०० ग्रॅमचे जन्मले. त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचे, दर दोन तासांनी पाजायचे आणि एक दिवसाआड वजन करायचे असे ठरले. दर वेळी काटा स्थिर होईपर्यंत आई, मावशी आणि शेजारणी श्वास धरून उभ्या राहत, आणि त्याचा बाप, जो एरवी आमच्याशी बोलत नसे, कोळशाने भिंतीवर वजन मांडून ठेवी. १९४०, १९९०, २०५०. त्या घरात बाळाविषयी जे प्रेम होते त्याला तो आकडा धरून राहता येत होते. हे वाक्य खोडताना मला जराही वाईट वाटले नाही.

तिसऱ्या वाक्याने मला सर्वांत जास्त लाज आणली. १२ जानेवारी २०२४ पासून राज्यातील आशा संपावर गेल्या. आशांना सरकारी कागदोपत्री आशा स्वयंसेविका म्हणतात, आणि माझ्या ओळखपत्रावरही स्वयंसेवक हाच शब्द होता. मला तो शब्द एका वर्षासाठी, माझ्या निवडीने आणि पाठीशी साताऱ्याचे घर असताना मिळाला होता. आमच्या आशाताई तो बारा वर्षे धारण करीत होत्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे लागते. या सहा भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये मिळतात. ऑगस्टमध्ये, आलेल्या पैशांचा हिशेब त्या माझ्यासमोर पुन्हा पुन्हा मांडत तेव्हा मी मनात त्यांना किंचित कमी लेखले होते. ते मी वहीत लिहिलेले होते, तारखेसह, ‘आशाताईंच्या बोलण्यात पैसे फार येतात.’

संप सुरू झाल्यावर प्रश्न असा आला, की त्यांच्या गृहभेटी आम्ही करायच्या का? मी तत्काळ तयार होते. बाळांना वाऱ्यावर कसे सोडायचे, असे मी म्हणाले. माझ्या बरोबरच्या स्वयंसेवकाचे म्हणणे वेगळे होते: आपण फुकट काम केले तर त्यांच्या संपाला अर्थ राहत नाही, आणि जे काम फुकट होते त्याचे मोल पुढे कोणी करीत नाही. दोन दिवस आमच्यात वाद झाला. शेवटी मी आशाताईंच्याच घरी गेले आणि विचारले. त्यांना राग येईल असे मला वाटले होते. त्यांनी वही काढली, गावातल्या सहा बाळंतिणींची नावे वाचली आणि त्यांतल्या दोघींवर बोट ठेवले. या दोन बाळांचे वजन कमी आहे, यांच्याकडे जा, म्हणाल्या. उरलेल्या चौघी ठीक आहेत, त्यांच्याकडे मी शेजारीण म्हणून जाऊन येईन, पण अहवालात त्या भेटी भरायच्या नाहीत. त्यांनी संपही पाळला आणि बाळेही सांभाळली. संप मार्चच्या सुरुवातीला मिटला आणि त्या महिन्यात मानधनात पाच हजार रुपयांची वाढ झाली. सेवेत पैशाची भाषा येऊ नये, हे वाक्य ज्याला पैशाची चिंता नाही त्यालाच लिहिता येते, असे मी उजव्या पानावर लिहिले आणि मग नियमाप्रमाणे ते खोडून, आशाताईंनी बोट ठेवलेल्या त्या दोन बाळांची वजने लिहिली.

फेब्रुवारीच्या वाचनानंतर ताईंनी माझी वही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली तेव्हा तिच्यातल्या ‘त्यांना’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या शब्दांना पेन्सिलीने गोल केलेले होते. जूनपासून डिसेंबरपर्यंत जवळपास प्रत्येक ओळीत ‘त्यांना’ होते. समोरच्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि त्याला सोबत घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे, तसा तो कोरकूतही आहे, हे मला त्या दिवशी कळले. मी ‘आपण’ वापरले होते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा आम्हा चार स्वयंसेवकांसाठी.

होळीच्या सुमारास, कामासाठी दूर गेलेली माणसे गावात परतली. मेळघाटात होळी हाच मोठा सण. पाच दिवस बाया रस्ता अडवून, गाणी म्हणत फगवा मागतात. मी फगवा दिला तेव्हा त्या घोळक्यात ती आजी होती. सहा महिन्यांत तिने माझ्याकडे पाहिलेही नव्हते. तिने माझा हात धरला आणि घरी नेले. ते बाळ आता सात महिन्यांचे होऊन बसू लागले होते, आणि तिने स्वतः त्याचा दंड पट्टीसाठी पुढे केला. हिरवा होता. मी तिची माफी मागितली; ती काही बोलली नाही. मग कुडता थोडा वर करून मी तिला बेंबीवरचा डाग दाखवला. तिने त्यावर बोट ठेवले.

“किसने किया?”

“मेरी दादी ने.”

ती बराच वेळ बोट तसेच ठेवून होती. “बहुत रोई होगी,” ती म्हणाली. मी की माझी आजी, हे मी विचारले नाही.

पाचव्या वाक्यासमोरचे पान वर्षभर कोरे राहिले. देव नाही, याच्याखाली ‘हे चुकीचे आहे असे मला कशाने पटेल’ ही ओळ मला लिहिताच आली नाही. बाकीच्या वाक्यांना ती लिहिता आली होती, म्हणून ती मोडू शकली. मी आजही देव मानत नाही. परंतु जूनमध्ये जे मी निष्कर्ष म्हणून लिहिले होते ते माझ्या घराचे वळण आहे, जसे दुसऱ्या कोणाच्या घरी तुळशीला पाणी घालण्याचे असते, हे त्या कोऱ्या पानाने मला दाखवले, आणि ते मान्य करणे मला अपेक्षेपेक्षा अवघड गेले.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दाभोलकरांच्या खुनाचा निकाल दिला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. माझे वर्ष संपायला तीन आठवडे होते. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर चढून मी बाबांना फोन केला. ते निकालाविषयी थोडे बोलले. अकरा वर्षे लागली असे दोनदा म्हणाले. मग दोघेही गप्प झालो, आणि सप्टेंबरपासून जे विचारायचे राहून गेले होते ते मी विचारले.

“बाबा, आजीने मला बिब्बा लावला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“घरीच होतो. अंगणात.”

“मग अडवले नाही?”

मला वाटले फोन तुटला. मग त्यांचा आवाज आला. “तू तीन दिवस रडत होतीस, बाळ. डॉक्टर गावाला गेले होते. आई बिब्बा घेऊन आत गेली, आणि माझ्या हातात दुसरे काहीच नव्हते.”